तरंगलेला दमा

"जड की हलकी?"

"जड!"

"कशानं जड?"

"सैतानानं!"

सरोवराच्या काठी वाळूत बसलेली चारेकशे माणसं एका दमात ओरडली, आणि पापा लास्टननं परीक्षेत पोरं पास झाल्यासारखी समाधानानं मान डोलावली. जांभळ्या कापडानं झाकलेल्या टेबलावर काचेचं भलंमोठं भांडं होतं, काठोकाठ पाण्यानं भरलेलं. त्यात आत्ताच एका म्हाताऱ्याच्या दम्याच्या पंपातली धातूची डबी टाकली होती आणि ती टुपकन तळाला जाऊन बसली होती. म्हातारा तिच्याकडे अपराध्यासारखा बघत होता.

"हा तुमच्या छातीवरचा दगड आहे, आगोगो, आजोबा!" पापा माइकमध्ये ओरडला. "डॉक्टर तुम्हाला काय देतात? दगड देतात! मी काय देतो? आध्यात्मिक ऑक्सिजन! लंडनचे शास्त्रज्ञ येऊन गेले, या भांड्यात नाक घालून बसले दिवसभर. काय कळलं त्यांना? काही कळलं नाही!"

कोणते शास्त्रज्ञ, कधी आले, उतरले कोणाकडे, हे विचारावं असं कोणाच्या मनात आलं नाही. एरवी या गावात परकं कुत्रं आलं तरी ते कुठल्या वाडीचं याची संध्याकाळपर्यंत चौकशी होते.

मग चमत्काराचा भाग आला. पापाच्या सेवकांनी तंबूतल्या वेदीवरून मखमली पिशव्या आणल्या. गेल्या रविवारी ज्यांच्या डब्या बुडाल्या होत्या त्या या. आठवडाभर वेदीवर प्रार्थनेत ठेवलेल्या. पहिली निघाली ती आमाई चिसालेंची; आईला आणि कोणाही मोठ्या बाईला इथं आमाईच म्हणत. पापानं दोन बोटांत धरून ती अलगद पाण्यावर सोडली. डबी खाली गेली, पुन्हा वर आली आणि तोंड वर करून डुलत राहिली.

"दमा तरंगला!"

बायकांनी जिभा हलवून असा काही आनंदाचा कल्ला केला की बगळे उडाले. आमाई चिसाले देहानं भरभक्कम. त्या नाचायला लागल्या तसं टेबलही हललं. त्यांचा नवरा मच्छीमार होता. जाळं दुरुस्त करायचं सोडून तोही तोंडात बोटं घालून बघत बसला होता.

एस्नार्ट मागे गोरखचिंचेच्या बुंध्याला टेकून उभी होती. जिल्ह्याच्या दवाखान्यात दम्याच्या आणि छातीच्या रोग्यांच्या वॉर्डात ती सिस्टर होती. धाकटी बहीण मेलिया गेली म्हणून रजा काढून ती गावी आली होती. मेलियाला दमा होता, दम्यानंच ती गेली. तिला पुरून तीन आठवडे झाले तरी एस्नार्टच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. वॉर्डात रोज मरणं बघून हिचं काळीज दगडाचं झालंय, असं बायका आपसात बोलत. एस्नार्टला ते खोटं वाटत नव्हतं. दात काढण्याआधी हिरडीत सुई दिली की ओठ जसा आपला राहत नाही, तसं तिचं सगळं अंग झालं होतं. मक्याच्या पिठाच्या न्सिमाचा घास तोंडात जायचा, गिळला जायचा, चव लागायची नाही.

भांड्यात डुलणाऱ्या त्या डबीकडे बघताना तिला नर्सिंग शाळेतली मेट्रन आठवली. स्टीलचं तसराळं, त्यात पाणी, आणि मेट्रनचा करडा आवाज: डबी बुडाली तर भरलेली, तरंगली तर संपलेली, नवीन आणा. त्या काळी वॉर्डावॉर्डांत असंच बघायचे. पुढे ते बंद पडलं, कारण थोडंफार औषध शिल्लक असलेली डबीही तरंगते आणि पाण्यानं तिचं तोंड चोंदतं. पण वॉर्डातल्या कोणीही ते बघितलेलं असणार. आणि पापा लास्टन प्रेषित व्हायच्या आधी दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुठल्याशा दवाखान्यात कामाला होता, हे तो स्वतःच प्रवचनात देवाची साक्ष देताना सांगायचा.

म्हणजे हे असं होतं तर. तिला राग यायला हवा होता. आला नाही.

"पुढचं लेकरू!" पापानं हाक दिली.

गर्दीतून एस्नार्टची आई उठली. तिचा हात धरून झिओने चालली होती, मेलियाची नऊ वर्षांची मुलगी. आईचा दमा तिच्यातही उतरला होता. तिच्या पंपातली डबी आजीनं स्वतः काढून दिली. पाण्यात पडली आणि तळाला गेली.

"जड!" लोक ओरडले.

हाताच्या अंगठ्यांना चिंध्या बांधलेल्या एका धिप्पाड सेवकानं डबी पिशवीत घातली आणि तंबूत नेली. पुढच्या रविवारपर्यंत झिओनेकडे औषधाचा एक थेंबही राहणार नव्हता.

*

"आमाई, ती डबी परत आणा," घरी आल्यावर एस्नार्ट म्हणाली.

आई चुलीपुढे बसून उसिपा तळत होती. बोटाएवढे ते मासे तेलात तडतडत होते. तिनं मान वर केली नाही. "करार झालाय देवाशी. मधेच मोडता येत नाही."

"तो देवाशी नाही, लास्टनशी झालाय. आमाई, भरलेली डबी बुडते, रिकामी तरंगते. एवढंच आहे त्यात. डबीतलं औषध संपवायचं आणि लोकांना म्हणायचं, सैतान गेला."

"हो का? म्हणजे चारशे माणसं मूर्ख, आणि तू एकटी शहाणी."

"मेलियाची डबीसुद्धा तरंगली होती ना?"

"तरंगली! मी या डोळ्यांनी पाहिली!"

"मग ती का गेली?"

झारा तेलात तसाच राहिला. "तिच्या मनात शंका आली," आई हळू म्हणाली. "पापांनी सांगितलं मला. त्यांनी डबी परत देताना बजावलं होतं, आता ही पवित्र झाली, जीव घाबरा झाला तर एकदाच दाबायची. ती सारखी दाबत बसली. विश्वास पक्का असता तर एकदा दाबून पुरलं असतं. मी शेजारी होते, एस्नार्ट. आवाज येत होता. फिस्स, फिस्स, असा व्यवस्थित आवाज येत होता. मी डबी तिच्या तोंडाशी धरून म्हणत होते, दाब, येतंय, येतंय."

एस्नार्टच्या ओठांपर्यंत वाक्य आलं होतं. औषध संपलं तरी डबीत थोडा वायू उरतो, आणि तो बराच वेळ फिसफिसत राहतो. वॉर्डात नव्या मुलींना ती पहिल्याच दिवशी हे शिकवायची. पण हे आत्ता सांगायचं म्हणजे आईला सांगायचं, की तुम्ही तुमच्या लेकीच्या तोंडात नुसता वारा भरत होतात. वाक्य तसंच ठेवून तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. आईनं मासे ताटात काढले आणि झिओनेला हाक मारली.

आईला हे खरं मानणं परवडणारच नव्हतं. एस्नार्टला ते कळत होतं, आणि म्हणून नुसतं बोलून काही होणार नाही हेही.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या मिनीबसनं जिल्ह्याला गेली. तिथून झिओनेसाठी नवा पंप आणला. शिवाय औषधांच्या कोठीतल्या बाईकडून मुदत संपलेला, नष्ट करायला काढलेला एक न वापरलेला पंपही मागून घेतला. कशाला हवाय असं त्या बाईनं विचारलं. "बुडवायला," एस्नार्ट म्हणाली.

*

बुधवारी सरोवरावर न्खुंगू उठले. दुरून बघितलं तर पाण्यावर कोणी ओल्या लाकडांची शेकोटी पेटवलीय असं वाटावं, असे काळपट धुराचे खांब. पण तो धूर नसतो, कोट्यवधी चिमुकल्या पाणमाशा असतात. वारा काठाकडे फिरला की ढगच्या ढग गावावर येतात. पोरं तेल लावलेली पातेली गरगर फिरवत त्यांच्यामागे पळतात, बायका चिकटलेल्या माशा ठेचून त्यांच्या वड्या थापतात, आणि ज्याला दमा आहे त्यानं दारंखिडक्या लावून आत बसायचं असतं. मेलिया अशाच दिवशी गेली होती.

झिओने दुपारी अंगणात होती. ती आत आली तेव्हा तिचे खांदे वरखाली होत होते आणि बोलताना एका शब्दाला एक श्वास लागत होता.

एस्नार्टनं पाण्याची प्लॅस्टिकची बाटली घेतली, बुडाशी पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडलं, पंप त्यात बसवला आणि बाटलीचं तोंड झिओनेच्या ओठांत दिलं. पंप हलवला, दाबला.

"घे श्वास. सोड. घे. सोड. घाई नाही."

"एस्नार्ट!" आई दारात उभी होती. "करार मोडू नकोस! रविवारपर्यंत थांब! ती मरेल अशानं!"

एस्नार्टनं वर बघितलं नाही. पुन्हा हलवला, पुन्हा दाबला. हे हात वॉर्डात हजारदा असे चालले होते, आत्ताही तसेच चालले. मेलियाच्या वेळी हे हात इथं नव्हते, हा विचार आला आणि कोणा दुसरीचाच असल्यासारखा निघून गेला. हळूहळू झिओनेच्या गळ्याखालचा खळगा आत ओढला जायचा थांबला. "भूक लागलीय," ती म्हणाली.

आई आत येऊन नातीशेजारी बसली. तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "पापांनी तिकडं याच वेळी प्रार्थना केली असणार."

एस्नार्ट हसली असती, पण तेवढंही अंगात नव्हतं.

शुक्रवारी दिवस कलताना आई तिला ओढतच तंबूपाशी घेऊन गेली. "एकदा कानांनी ऐक. मग बोल." तंबूच्या कनातीबाहेर पन्नासेक बायका गुडघे टेकून, डोळे मिटून बसल्या होत्या. आतून आवाज येत होता. फिस्स. फिस्स. फिस्स. मधूनच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा.

"देवदूतांचा श्वास," आई तिच्या कानात कुजबुजली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "रोज येतात. आपल्या डब्यांवर फुंकर घालतात."

हा आवाज एस्नार्टला झोपेतही ओळखू आला असता. बराच वेळ ती ऐकत उभी राहिली. आत देवदूत अगदी नेमानं काम करत होते.

*

गावची म्फुमू, म्हणजे गावप्रमुख, नामाल्वा नावाची साठीची बाई होती. तंबूला जागा तिनंच दिली होती. एस्नार्ट रीतीप्रमाणे कोंबडी घेऊन गेली, खाली बसली आणि सगळं सांगितलं.

म्फुमूनं कोंबडी हातात तोलून बघितली. "रविवारी इथं बाजार भरतो त्या माणसामुळं," ती म्हणाली. "मंदासीचे गोड वडे तळणाऱ्या बायका मला दुवा देतात. तू म्हणतेस म्हणून त्याला हाकलू?"

"हाकलू नका. मला फक्त त्याच्या भांड्यात एक डबी टाकू द्या."

"बस्स?"

"बस्स. आणि तुम्ही समोर बसा."

म्फुमूनं थोडा विचार केला. "तुझ्या बहिणीच्या मातीला मी होते," ती म्हणाली. "भांडण करायचं नाही. शिव्या द्यायच्या नाहीत. दाखवायचं असेल ते दाखव."

रविवारी गर्दी आणखी वाढली होती. पापा लास्टनचे बूट वाळूतही चकचकत होते. म्फुमूनं पुढच्या खुर्चीवरून हात वर केला आणि म्हणाली, "आज आमच्या गावची लेक पहिली डबी टाकेल. पापांची हरकत नसावी."

पापाच्या कपाळावर आठी उमटली, पण माइक हातात असला की त्याला नाही म्हणता येत नसे. "या, सिस्टर, या! दवाखानासुद्धा शेवटी इथंच येतो! हालेलुया म्हणा!"

लोकांनी म्हटलं. एस्नार्टनं पंपातली डबी काढली आणि पाण्यात टाकली. टुप. तळाला.

"जड की हलकी?" पापा गरजला.

"जड!"

"कशानं?"

"सैतानानं!"

"बरं," एस्नार्ट म्हणाली. तिनं माइक घेतला नव्हता, त्यामुळं ऐकायला लोक आपोआप गप्प झाले. तिनं हात घालून डबी बाहेर काढली, पुसली, पंपात बसवली. "हा सैतान आता तुम्हीच बाहेर काढायचाय. प्रार्थना करायची नाही, गाणं म्हणायचं नाही. हलवायचा, तोंडापासून लांब, हवेत धरून दाबायचा आणि शेजाऱ्याला द्यायचा. पहिल्यांदा तुम्ही, बाम्बो चिसाले."

मच्छीमार चिसालेंनी बायकोकडे बघितलं, म्फुमूकडे बघितलं आणि दाबला. फिस्स. हसून आणखी दाबला. पंप पुढं गेला. हातातून हातात. फिस्स. फिस्स. पोरांना तर खेळच मिळाला. फिस्स. फिस्स. फिस्स. गर्दीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आवाज सरकत गेला.

मध्यावर आमाई चिसालेंच्या हातात पंप आला. त्यांनी दाबला आणि तशाच थबकल्या. पुन्हा दाबला, कानाशी धरून.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "हा आवाज… हा तर…"

"काय, आमाई?" एस्नार्टनं विचारलं.

"देवदूतांचा…" आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

कोणी तरी मागे फिसकन हसलं. बाकी कोणी हसलं नाही. रोज संध्याकाळी कनातीबाहेर गुडघे टेकणाऱ्या बायका एकमेकींची तोंडं बघू लागल्या.

"गाणं!" पापानं सेवकांना खूण केली. "गाणं सुरू करा! सैतान बोलतोय!" स्पीकर किंचाळला.

"ते बंद करा," म्फुमू म्हणाली. स्पीकर बंद झाला.

पंप फिरत फिरत परत आला तेव्हा त्यातून जेमतेम उसासा निघत होता. एस्नार्टनं डबी काढली आणि पाण्यात सोडली. खाली गेली, वर आली आणि डुलत राहिली.

मागचे लोक बघायला उठून उभे राहिले.

"दमा तरंगला," एस्नार्ट म्हणाली. "ही डबी कोणाचीच नव्हती. कोणाच्या छातीत गेली नाही, वेदीवर बसली नाही. भरलेली होती म्हणून बुडाली, तुम्ही रिकामी केलीत म्हणून तरंगली."

बाम्बो चिसालेंनी कपाळावर हात मारून घेतला. "रिकाम्या बाटल्या! अरे, जाळं बुडू नये म्हणून मी रोज सकाळी जाळ्याला रिकाम्या बाटल्या बांधतो! माझ्या आजानं बांधले ते भोपळेही रिकामेच! आणि मी मागचा महिनाभर इथं बसून टाळ्या वाजवतोय!"

"या बाईवर विश्वास ठेवता?" पापाचा आवाज माइकशिवाय अगदीच पातळ निघाला. "हिच्या घरात शंका राहते! शंकेनंच हिची सख्खी बहीण गेली!"

हे ऐकून एस्नार्टला वाटलं, आता तरी काही तरी फुटेल आत. फुटलं नाही. ती शांतपणे म्हणाली, "झिओनेची डबी आणा. गेल्या रविवारी सगळ्यांसमोर बुडाली होती ती."

कोणी हललं नाही तशी म्फुमू स्वतः उठली. मग सेवकानं पिशवी आणली. डबी पाण्यावर तरंगली.

"आठवडाभर झिओनेनं हिला हात लावला नाही," एस्नार्ट म्हणाली. "मग हिच्यातलं औषध कुठं गेलं? तंबूत कोण होतं?"

लोकांच्या नजरा सेवकांकडे वळल्या आणि मग त्यांच्या हातांकडे. त्या धिप्पाड माणसाच्या दोन्ही अंगठ्यांना चिंध्या होत्या. दुसऱ्याच्या एका. तिसऱ्यानं हात पाठीमागे नेले.

"फोड आलेत," धिप्पाड सेवक म्हणाला. त्याला खरोखरच रडू फुटलं होतं. "पापा म्हणाले, ही पण सेवाच आहे."

एकदम गलका उठला. माणसं मखमली पिशव्यांवर तुटून पडली, जो तो आपली डबी शोधू लागला. त्या गोंधळात एस्नार्टची आई वाट काढत टेबलापाशी आली. ती लेकीच्या इतकी जवळ उभी राहिली की तिचा श्वास एस्नार्टच्या गालाला लागला.

"आवाज येत होता," आई म्हणाली. "मेलियाच्या डबीतून. मी तुला सांगितलं होतं."

"हो, आमाई."

"मग औषध असेल ना आत? थोडं तरी?"

एस्नार्टनं आईकडे बघितलं. वॉर्डात नातेवाइकांना ती जसं सांगायची, तसंच सांगायचं तिनं ठरवलं. दुसरी कुठली पद्धत तिला येत नव्हती. "नव्हतं. औषध संपलं तरी वायू फिसफिसतो. आवाज येतो, आत काही जात नाही."

आईनं टेबल धरलं. जांभळं कापड तिच्या मुठीत चुरगळलं. "म्हणजे मीच…"

"तुम्ही तिच्या तोंडाशी डबी धरलीत. रिकामी केली ती यानं. रिकामी करून तुमच्या हातात दिली यानं, आणि वर शंकेचा ठपकाही तिच्यावरच ठेवला." एस्नार्टनं लास्टनकडे बोट दाखवलं.

म्फुमूनं लोकांना बसवलं. "तुला आणखी काही बोलायचंय?" तिनं विचारलं.

"थोडं," एस्नार्ट म्हणाली. "तुम्हाला बरं वाटलं हे खोटं नव्हतं. न्खुंगूचे ढग काठावर आले की तुमची छाती आवळते, ढग गेले की मोकळी होते. मधल्या दिवसांत कोणीही कसलीही प्रार्थना केली तरी गुण आला असंच वाटणार. दमा गेला नव्हता, माशा गेल्या होत्या. त्या परत येतात, आणि तेव्हा हातात भरलेला पंप लागतो. तुम्ही देवाला माना, नका मानू, त्यात मी पडत नाही. पण कोणी चमत्कार दाखवला तर एवढं बघा, तीच गोष्ट त्या माणसाशिवाय होते का? आपल्या हातांनी करून बघा. आणि कोणाच्याही सांगण्यावरून चालू औषध टाकू नका. उद्या सकाळी मी गोरखचिंचेखाली बसेन. रिकाम्या डब्या घेऊन या, कोणाला किती लागतील ते लिहून घेईन आणि दवाखान्यातून मागवेन."

लास्टननं दुसऱ्याच दिवशी काढता पाय घेतला. म्फुमूनं पोलिसांना निरोप धाडला होता, ते पोचले तेव्हा वाळूत फक्त तंबूच्या खुंट्यांची भोकं होती. आमाई चिसाले सगळ्यांत आधी झाडाखाली आल्या. बरेच जण आले. काही आलेच नाहीत. सिस्टरनं पंपावर जादू करून आणली होती, असं ते अजूनही म्हणतात. एस्नार्टला विजय मिळाल्यासारखं काही वाटलं नाही. बसून बसून पाठ मात्र दुखली.

संध्याकाळी वारा पुन्हा काठाकडे फिरला आणि झिओने खोकायला लागली. एस्नार्ट उठत होती तेवढ्यात आई म्हणाली, "तू बस. मला दाखव."

एस्नार्टनं पंप तिच्या हातात दिला. आईनं तो उलटसुलट करून बघितला, कानाशी धरून हलवला.

"आत औषध आहे हे ओळखायचं कसं?"

"पाण्यात टाकून नाही. आवाजावरूनही नाही. नवा आणला की त्यात किती वेळा दाबण्यापुरतं आहे ते वर लिहिलेलं असतं. दाबाल तेवढ्या रेघा कोळशानं भिंतीवर ओढायच्या. भरत आल्या की नवा आणायचा."

"मोजायचं."

"मोजायचं."

"आणि प्रार्थना?"

"करा की. आधी मोजा, मग करा."

आईनं झिओनेच्या ओठांत बाटली दिली, पंप हलवला, दाबला आणि नातीचे श्वास मोठ्यानं मोजू लागली. एक. दोन. तीन. तिसऱ्यावर तिचा आवाज फुटला, ती हुंदके द्यायला लागली, तरी बाटली धरलेला हात तिनं खाली घेतला नाही. एस्नार्ट तिच्या शेजारी खाली बसली, आणि आईला पुढचा आकडा सांगायला तोंड उघडलं तर तिला स्वतःलाच शब्द फुटेना. चार आठवड्यांत पहिल्यांदाच ती रडत होती. शेवटी झिओनेनंच बाटली बाजूला केली आणि दोघींना सांगितलं, "चार. आता अजून एकदा दाबायचंय."